पस्तीस अंशांची भिंत

मागच्या भिंतीवर क्लिक केलं तर माझंच नाव निघालं. आछिन-तात्पुरतं. एवढीच अक्षरं, पडद्याच्या डाव्या कडेला, राखाडी चौकटीत. मला आछिन म्हणणारी माणसं घरात दोन आणि बाहेर दोन. बाहेरच्यांतला एक आमचा मालक. दुसरा आत्ता त्याच्याच खोलीत बसून चहा पीत होता. ल्याओ जंग-श्योंग, मोठ्या कंपनीचा मोठा साहेब. सकाळी दहाला तो धापा टाकत आमचा जिना चढून आला. खाली टायरवाल्याचं दुकान, वर आम्ही सहा माणसं. मला बघून त्यानं अननसाच्या केकचा डबा पुढे केला. "अगं आछिन! तू इथं आहेस होय? बरी भरलीस की. लग्नबिग्न केलंस का नाही?" सहा वर्षांनी भेटलेला माणूस असा बोलतो. ज्याला काहीच आठवत नाही तो असं बोलतो, नाहीतर ज्याला सगळं आठवतं तो. मी डबा घेतला. दोन्ही हातांनी घेतला, घ्यायचा असतो तसा. नंतर बराच वेळ मला त्या दोन हातांची किळस येत राहिली.

काम असं होतं. त्याच्या कंपनीनं बॅटरी बदलायचं नवं कपाट काढलंय. स्कूटरवाला येतो, संपलेली बॅटरी आत ढकलतो, भरलेली काढतो आणि जातो. आत तीस बॅटऱ्या सतत भरत असतात, म्हणजे सतत तापत असतात. आजवरची कपाटं जाडजूड होती, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात मोकळ्यावर उभी असायची. हे नवं सपाट आहे, इमारतींखालच्या पडवीत भिंतीला पाठ टेकून उभं राहणारं. वर आणि मागे माणसं राहणार, म्हणून शहरानं अट घातली की आतल्या हवेचं आणि उष्णतेचं गणित तिऱ्हाईताकडून तपासून आणा. ते तिऱ्हाईत म्हणजे आम्ही. संगणकात सगळं जग घालता येत नाही, ते कुठंतरी कापावं लागतं. कापलं तिथं काय आहे ते माणसानं यंत्राला सांगावं लागतं. इथून हवा आत येते, इतक्या वेगानं, इतकी गरम. इथून बाहेर जाते. ही भिंत, हिच्यातून उष्णता जाते किंवा जात नाही. याला सीमा-अटी म्हणतात. आतलं सगळं यंत्र सोडवतं, इमानदारीनं, एकेका कणाचं. कडेवर काय आहे हे त्याला कळत नाही, ते माणूस सांगेल ते खरं. म्हणून या धंद्यात खोटं बोलायचं असेल तर कडेवर बोलतात. आत बोललेलं खोटं पकडलं जातं. कडेवरच्या खोट्याचं यंत्र सुंदर रंगीत चित्र काढून देतं.

आमच्याकडे गणित चालवायच्या आधी गिऱ्हाईक एक कागद भरून देतं. वर सगळ्या अटी, खाली दोन चौकटी: 'अटी भरणारे' आणि 'पाहिले'. दोन्हींत सहीऐवजी नावाचे शिक्के लागतात. मग आम्ही त्याच अटी चालवतो आणि अहवालाच्या दर पानाखाली बारीक अक्षरांत छापतो, गिऱ्हाइकाने दिलेल्या अटींवर आधारित. पुढे काही जळालं तर ही ओळ आमचं शिरस्त्राण. हा कागद मी सुरू केला. पहिल्याच वर्षी मालकाच्या डोक्यावर बसून सुरू केला. "आछिन, गिऱ्हाईक पळून जाईल गं," तो म्हणायचा. मी म्हणायचे, पळू दे, पण शिक्का मारून पळू दे. कारण मी आले ती ल्याओच्या हाताखालून, आणि तिथं असा कागद नव्हता. तिथं अटी तोंडी यायच्या, जिन्यात, लिफ्टमध्ये, सिगारेट विझवता विझवता.

आज सकाळी ल्याओनं काय केलं? सोबत आणलेल्या बाईला म्हणाला, "यावन, तू भर, तू मार शिक्का. काम तुझं आहे, नाव तुझं व्हायला पाहिजे." मोठ्या मनाचा माणूस. तिनं 'अटी भरणारे'मध्ये मारला. त्यानं 'पाहिले'मध्ये मारला. सहा वर्षांपूर्वीही तो फक्त पाहायचाच. कू यावन तिचं नाव. बत्तीस-तेहेतीसची असेल, त्याच्या कंपनीत येऊन तीन वर्षं झालेली, बारीक, कानामागे पेन्सिल खोचलेली, फायलीतल्या प्रत्येक पंख्याला नीट नाव दिलेलं. पेनड्राइव्ह देताना ती हळूच म्हणाली, "ताई, हवा पंचेचाळीस अंशच ठेवलीय बघा. पस्तीस नाही. त्यावरून मी साहेबांशी दोन आठवडे भांडत होते." आणि हसली. मला तिचं हसणं आवडलं नाही. मीही एकदा पंचेचाळीस लिहिलं होतं आणि मीही हसले होते.

तेव्हा मी पाच वर्षांच्या तंत्रशाळेतून आलेली जूदोंग गावची पोरगी. बाकी सगळे विद्यापीठातले, एकमेकांना ताई-दादा म्हणणारे, कारण एकाच प्रयोगशाळेतून आलेले. मी कुणाची ताई नव्हते, कुणाची धाकटीही नव्हते. सीमा-अटी मी स्वतः शिकले, चुकून चुकून, रडून रडून. दक्षिणेच्या मासळी बाजारासाठी चार्जिंगचा खोका होता. बाजारात पत्र्याखाली जुलैची हवा, मी पंचेचाळीस घातली. पडद्यावर लाल आलं. ल्याओ माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, त्याच्या शर्टाला तळलेल्या लसणाचा वास होता. "पस्तीस घाल. गिऱ्हाईक सोमवारी येतंय, त्याला हिरवं बघायचंय. लाल बघायला तो देवळात जाईल." सगळे हसले. मीही हसले. पस्तीस घातली, हिरवं आलं. अकरा महिन्यांनी खोका बाजारात जळाला. माणूस मेला नाही, दोन टोपल्या कोळंबी तेवढी शिजली, असाही विनोद झाला. मग चौकशी, मग अहवाल. मूळ कारण: अभियंता फंग सू-छिन यांनी प्रवेश हवेचे तापमान चुकीचे भरले. मानवी चूक. फंग सू-छिन म्हणजे मी. आणि गिऱ्हाइकासमोर, बारा माणसांच्या लांब टेबलाच्या टोकाला मला उभं केलं. ल्याओ शेजारी बसलेला. वाकून माफी मागायची. मी वाकले. टेबलाच्या लाकडावर कुणाच्या तरी चहाचा गोल डाग होता, तो माझ्या नाकापासून वीतभर. वर यायचं कधी हे कुणी सांगेना. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "तुझं वय काय गं, पुढं ढीगभर कामं मिळतील. मला दोन मुलं आहेत." सहा वर्षं मी हे वाक्य चघळतेय. रस्त्यात कुणी लसूण तळला तरी ते वाक्य ऐकू येतं. मला दोन मुलं आहेत. जणू मी ती त्याच्याकडून हिसकावून घेणार होते.

आणि आज पडद्यावर ही भिंत. माझ्याच जुन्या खोक्याची फाइल होती ती. वरची पाटी बदललेली: कंपनीचा मानक नमुना, कर्ता ल्याओ जंग-श्योंग, तारीख मला काढल्यानंतर पंधरा दिवसांची. मला हसू फुटलं. नमुना म्हणजे काय, तर नवं काम आलं की कोऱ्यावरून कोण सुरू करतो? जुनी फाइल घ्या, नाव बदला, आतली वस्तू बदला, कडा तशाच ठेवा. सगळेच करतात. ल्याओनं माझी फाइल उचलली, हवेचे पस्तीसचे पंचेचाळीस केले, माझं नाव खरवडलं, स्वतःचं घातलं आणि कंपनीला प्रमाणीकरण म्हणून विकलं. त्याचा फोटो कंपनीच्या मासिकात आला होता, हातात बक्षिसाचा काचेचा त्रिकोण. तो फोटो मी पाहिला होता, पण फाइल कुणाची हे ठाऊक नव्हतं. भिंतीचं नाव मात्र खरवडायचं राहिलं, कारण ते दिसायला भिंत उघडावी लागते आणि ल्याओ काही उघडत नाही. तो पाहतो.

साडेबाराला दिवे बंद झाले. डबे उघडले, कोंबडीच्या तंगडीचा आणि सोयात शिजलेल्या अंड्याचा वास पसरला, मग विरला, आणि सगळे टेबलावर हाताची उशी करून पडले. दुपारची झोप आमच्याकडे मालकसुद्धा मोडत नाही. पडदे ओढलेले, फक्त माझा पडदा उजेडात. कोपऱ्यात मोठं गणितयंत्र घुमत होतं, त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट, यंत्रानं गुणी राहावं म्हणून ठेवतात ते. मी भिंत उघडली. तापमान पस्तीस अंश, स्थिर. स्थिर याचा अर्थ आत काहीही होवो, बॅटऱ्या उकळोत, भिंत पस्तीसच राहणार. तिच्यात कितीही उष्णता ओता, ती पिऊन टाकणार. अशी भिंत जगात नाही. असती तर मी घराला लावली असती. बाहेर हवा पंचेचाळीस, भिंत पस्तीस, भर उन्हात माठासारखी गार. मी उष्णतेचा हिशोब मागवला, कुठल्या कडेतून किती बाहेर जाते त्याचा. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि सात वर्षांत कुणी बघितलेलं नव्हतं. अठराशे वॅटपैकी अकराशे मागच्या भिंतीतून जात होते. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. भिंत खरी केली, म्हणजे उष्णता जाऊ न देणारी केली, आणि यंत्राला सोडलं. सत्तावन्नवरच्या बॅटऱ्या पंचवीस मिनिटांत एकोणऐंशीवर गेल्या. मर्यादा साठ.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. स्वच्छ, थंड आनंद. ल्याओनं चोरी केली आणि चोरीच्या मालात बॉम्ब होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी दिलेल्या अटी, त्यांचे शिक्के, खाली आमची बारीक ओळ. कपाटं पडव्यांत उभी राहतील. एखाद्या उन्हाळ्यात एक पेटेल. चौकशी होईल, फाइल उघडेल, वर पाटी: कर्ता ल्याओ जंग-श्योंग. त्याला टेबलाच्या टोकाला उभं करतील. मला तिथं असायचीही गरज नव्हती, कल्पना पुरली असती. एवढंच की भिंतीवर माझं नाव होतं. मी नाव बदललं. 'मागची भिंत'. साठवलं. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. भिंत पूर्णपणे त्याची झाली.

आणि मग मी तिथंच बसून राहिले, कारण एक गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नव्हती. पस्तीस अंशांची हवा त्याची होती. पस्तीस अंशांची भिंत माझी होती. त्या शुक्रवारी दुपारी, तो लसूण घेऊन माझ्यामागे उभा राहण्याच्याही आधी, गणित स्थिरच होत नव्हतं, आकडे वर-खाली नाचत होते. मी मागची भिंत पस्तीसला खिळवली, म्हटलं थोडं शांत होऊ दे, सोमवारी काढू. नाव दिलं तात्पुरतं. सोमवारी गिऱ्हाईक आलं. मंगळवारी मला आठवलं. तोवर हिरव्या चित्राला टाळ्या पडल्या होत्या आणि तंत्रशाळेतल्या पोरीला पहिल्यांदा कुणीतरी जेवायला बोलावलं होतं, सगळ्यांबरोबर, गोल टेबलावर, आणि तिच्या वाटीत माशाच्या गालाचा मऊ, मानाचा तुकडा ठेवला होता. मी गप्प बसले. खोका त्याच्या हवेमुळे जळाला की माझ्या भिंतीमुळे, हे मला आजही ठाऊक नाही. चौकशीनं त्याचं पाप माझ्या नावावर लिहिलं आणि माझं पाप कुणाला दिसलंच नाही. सहा वर्षं मी जो राग जपून ठेवला, रोज तेल-पाणी केलं, तो सगळा या भिंतीला टेकून उभा होता. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा. पुस्तकांत होतो. माझा झाला नाही. उलट ल्याओनं मला माझ्याच चुकीची शिक्षासुद्धा नीट दिली नाही, म्हणून मी आणखी भडकले. शेजारी आमची हिशोबनीस बाई झोपेत दात खात होती. मला वाटलं तिला हलवून उठवावं आणि विचारावं, तू माझ्या जागी असतीस तर? ती म्हणाली असती, झोप गं.

दीडला दिवे लागले. ल्याओ आणि यावन जेवून परतले, मालक मागोमाग, दात कोरत. मी काही ठरवलं नव्हतं. पण पडद्यावर खऱ्या भिंतीचं चित्र तसंच राहिलं होतं, लालभडक. ल्याओ थबकला. "हे काय?"

"मागची भिंत," मी म्हटलं. "तुमच्या फायलीत ती पस्तीसला बांधली होती. सोडली तर हे असं दिसतं. एकोणऐंशी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चित्राकडेही नाही. किती सहज त्याची मान वळली, रोजच्या वाटेवरची सायकल वळते तशी. "यावन. हे तू घातलंस?"

"मी... नमुन्यात होतं साहेब. मी कडा बदलल्या नाहीत."

"कागदावर शिक्का कुणाचा आहे?"

"माझा."

"तुला मी सांगितलं होतं ना, प्रत्येक अट तपासून भर म्हणून? आता शहराला काय तोंड दाखवू? ऊठ. या लोकांची माफी माग आधी. त्यांची सकाळ वाया घालवलीस."

यावन उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. कानामागची पेन्सिल खाली पडली, ती उचलू की नको असं झालं तिला. मालक म्हणाला, "जाऊ द्या हो ल्याओसाहेब, होतं असं," आणि चहाची किटली शोधायला लागला, जणू ती हरवली होती. मला तेव्हा जे दिसलं ते साधं होतं. मी मनात रचलेली चौकशी कधीच ल्याओपर्यंत पोचणार नव्हती. त्याच्या नावाची पाटी असो नाहीतर देवळाची घंटा असो, टेबलाच्या टोकाला उभी राहणार ही यावन. ती तीन वर्षांपूर्वी आली आणि भिंत सात वर्षांची, हे सांगणारी एकच गोष्ट होती आणि ती मी दुपारी पुसून टाकली होती.

पेनड्राइव्ह अजून लावलेलाच होता. मी त्यातली मूळ फाइल, मी हात लावला नव्हता ती, उघडली. दोन मिनिटं लागली उघडायला. मग भिंतीवर क्लिक केलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बस खाली," मी यावनला म्हटलं. "हे नाव वाच."

"आछिन-तात्पुरतं," तिनं वाचलं. आणि माझ्याकडे बघितलं.

"आछिन म्हणजे मी. भिंत मी घातली, सात वर्षांपूर्वी. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर आठवलं तरी काढली नाही. आणि वरची पाटी वाच. कर्ता कोण?"

ल्याओ हसला. खरंच हसला. "आछिन, अगं तू स्वतःच कबूल करतेयस. मग मी कुठं आलो यात?"

"तुम्ही ती चोरलीत, साहेब. चोरली तर सगळी तुमची. भिंतीसकट. काचेचा त्रिकोण घेतलात तेव्हा म्हणालात का, यात माझं काही नाही म्हणून?"

"मोजून-मापून बोल."

"सहा वर्षं मोजतेय. हवेचे पस्तीस तुमचे होते आणि वाकले मी. आज भिंत माझी आहे आणि वाकवताय हिला. तुमच्या पाठीत काही दुखणं आहे का हो? वाकताच येत नाही?"

मालकाच्या हातातली किटली खळकन वाजली. "आछिन!" तो म्हणाला. मी त्या कागदावरचा यावनचा शिक्का आडव्या रेघेनं खोडला. 'अटी भरणारे'च्या चौकटीत हातानं लिहिलं: फंग सू-छिन. खाली: ल्याओ जंग-श्योंग. अक्षर चांगलं आलं. "हे शहराला जाईल," मी म्हटलं, "एकोणऐंशीच्या चित्रासकट, दोन्ही फायलींसकट." मालक म्हणाला, "अगं, हे गिऱ्हाईक आहे आपलं." मी म्हटलं, "मला काढा मग. पण कागद जाईल." ल्याओचा चेहरा पहिल्यांदा बदलला. गालांचं मांस सैल झालं. "तूही बुडशील," तो हळू म्हणाला. "तुझं नाव वर आहे. पुन्हा कुणी तुला दारात उभं करणार नाही." मी म्हटलं, "वरच लिहिलंय, साहेब. तुम्हाला खाली सोबत हवी ना." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मी यावनकडे बघितलं. काय अपेक्षा होती कोण जाणे. थोडे ओले डोळे, ताई म्हणून एखादी हाक.

"तीन वर्षं," यावन म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तीन वर्षं मी तुमची भिंत वापरतेय. तुम्हाला ठाऊक होतं. एक ईमेल पाठवायला काय झालं होतं?"

"मला वाटलं फाइल मेली," मी म्हटलं. तेही अर्धंच खरं.

"तुमचं दोघांचं भांडण झालं असेल तर ऐका." ती ताई म्हणाली नाही, साहेबही म्हणाली नाही. "ही कपाटं चाचणीसाठी म्हणून नऊ ठिकाणी आधीच उभी केलीत. गेल्या महिन्यात. साहेब म्हणाले परवानगी येईलच. नवांपैकी सात भिंतीला टेकून आहेत." तिनं खाली वाकून पेन्सिल उचलली आणि ती टेबलावर आपटली. "ती आत्ता बंद करावी लागतील, एकेका ठिकाणी फोन करून. पत्ते मला पाठ आहेत, मी स्वतः उभी केलीत. लिहून घ्या. पहिलं, नव्या बाजाराची गल्ली, सत्तेचाळीस नंबर. मागे केस कापणाऱ्या बाईचं दुकान, तिची आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली असते. दुसरं, दवाखान्यासमोरची पडवी. मागे शेवयांची गाडी, गॅसची टाकी भिंतीलाच लावून ठेवतो तो. लिहिताय ना?"

मी माझी वही ओढली आणि लिहायला लागले. मालकानं किटली खाली ठेवली आणि पहिल्या पत्त्याला फोन लावला. ल्याओ मधोमध उभा होता. मग त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आजूबाजूला बघितलं आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'जरा' हा शब्द वापरून, म्हणाला, "जरा एखादा कागद दे. थोडे पत्ते मीही घेतो."

वहीत कोरी पानं पुष्कळ होती. मी आमच्या दोघांच्या नावांचा तो सीमा-अटींचा कागद उलटा केला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"याच्या पाठीवर लिहा," मी म्हटलं. "म्हणजे हरवायचा नाही."